बाबांचे अकरा शर्ट

ऑपरेशननंतर बाबांचं वजन १४ किलोंनी उतरलं आणि त्यांचे सगळे शर्ट दुसऱ्याच कुणाचे तरी दिसायला लागले. खांद्याची शिवण दंडावर आलेली, कॉलर आणि गळा यांच्यात दोन बोटं सहज जातील एवढी फट. त्यांना स्वतःलाच त्याचं हसू यायचं. आईने मात्र एका दुपारी कपाट आवरायला काढलं आणि एक गठ्ठा माझ्यापुढे आणून टाकला. "ने बाई. एवढ्या फडक्यांचं मी करू काय?"

घरी येऊन मोजले तर अकरा शर्ट. बाबांच्या आवडीप्रमाणे बहुतेक साधे, फिक्या रंगांचे, दोन-तीन उभ्या रेघांचे आणि एकच निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा. तीन महिन्यांनी आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होणार होती, सगळे जमणार होते. म्हटलं, याच शर्टांचं काहीतरी शिवून प्रत्येकाच्या हातात ठेवू. मला शिवण येतं म्हणजे सरळ टीप मारता येते, पडदे आखूड करता येतात, उशांचे अभ्रे शिवता येतात. एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं.

पहिल्या आठवड्यात सुईला दोराही ओवला नाही. शर्ट धुतले, वाळवले आणि एकेक खिडकीपाशी धरून उजेडात बघितले. जुनं कापड कुठे विरलंय हे टेबलावर पसरून कळत नाही, उजेडासमोर धरलं की लगेच कळतं. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आधी उभ्या आणि मग आडव्या धाग्याच्या दिशेने ओढायचं. कापड परत जागेवर आलं तर घ्यायचं. बारीकसा 'चर्र' आवाज आला किंवा धागे बाजूला सरकले तर तो भाग सोडून द्यायचा. हे करताना एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचे तीन महिने तिनेच मला छळलं. शर्ट जिथे बाबांचा वाटतो, नेमका तिथेच तो विरलेला असतो. कोपरं, कॉलरची घडी, खिशाचं तोंड, कामाच्या पिशवीचा पट्टा घासून घासून पातळ झालेला उजवा खांदा. आणि धडधाकट कापड कुठलं, तर इतकी वर्षं पँटमध्ये खोचून राहिलेलं! ते कुणाच्याही शर्टाचं असू शकतं.

कापड सुती आहे की टेरिकॉट, हेही आधीच ठरवावं लागतं, कारण इस्त्री दोघांना वेगवेगळी लागते. आतल्या लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रात तीन ठिपके असतील तर २०० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं, दोन असतील तर १५० पर्यंत. पण दहा-बारा वर्षं धुतलेल्या शर्टाचं लेबल म्हणजे पांढरी चिंधी उरलेली असते. मग शिवणीच्या आतल्या बाजूचे चार धागे काढले, चिमट्यात धरले आणि बेसिनवर काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झालं की कडक मणी राहतो. अकरापैकी सात शर्ट सुती निघाले, चार मिश्र. चौकड्यांचा शर्ट शुद्ध सुती होता, शिवाय कुठेही विरलेला नव्हता. कॉलरसुद्धा जेमतेम मऊ झालेली. बाबांना आवडला नसावा, फार घातलेला दिसत नाही, असं म्हणून मी तो राखून ठेवला.

नवीन कापडापेक्षा जुन्याची एक मोठी सोय असते. ते आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, रंगही जायचा तेवढा गेलेला असतो. याला अपवाद म्हणजे कपाटात नुसती पडून असलेली वस्त्रं. अस्तरासाठी आईने तिची एक गडद लाल सुती साडी दिली होती. तिच्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री दाबली, तर फडकं गुलाबी. साडी मुकाट्याने परत कपाटात गेली.

उसवायला बाबा बसले. खरं तर मीच त्यांना बसवलं. दिवसभर पडून पडून ते कंटाळले होते आणि मला दोन हात कमी पडत होते. मी शिवणीचे टाके एकेक करून कापत होते, एका बाहीला पाऊण तास. बाबांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "सगळे कशाला कापतेस? प्रत्येक पाचवा काप आणि उलट्या बाजूचा दोरा ओढ." खरोखरच अख्खा दोरा सर्रकन हातात आला. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालच्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा, दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. एका बाजूची पकड ठिकठिकाणी तोडली की दुसऱ्या बाजूच्या दोऱ्याला धरायला काही उरत नाही. १८४६ साली इलायस हाऊ यांनी अमेरिकेत पेटंट घेतलं ते याच टाक्याच्या मशीनचं. घरातलं मशीन आजही तोच टाका घालतं. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी लहानपणी आईला, म्हणजे माझ्या आजीला, उसवताना बघितलं होतं, एवढंच.

शर्टाची बाजूची शिवण मात्र उसवायच्या भानगडीत पडू नये. तिथे एक कड दुसरीत दुमडून वरून दोन टिपा मारलेल्या असतात. ती उसवायला लागतो तासभर आणि हाती येतं दीड सेंटिमीटर सुरकुतलेलं कापड. शिवणीच्या लगत सरळ कात्री चालवावी. कापलेली दुपदरी पट्टी फेकू मात्र नये, नाडी म्हणून ती फार चिवट असते. उसवायच्या शर्टांची बटणं आधी काढून एका दोऱ्यात ओवून ठेवली. बहुतेक तयार शर्टांच्या आत, खालच्या बाजूला एक जादा बटण शिवलेलं असतं. अकरापैकी नऊ शर्टांवर ते तसंच होतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं वेगळी बटणं आणून लावतेय."

एकेक शर्ट उसवायला घेण्याआधी बाबांना दाखवायचा, असा नियम आपोआप पडला. ते तो मांडीवर घ्यायचे, काही बोलायचे किंवा बोलायचे नाहीत, मग ब्लेड लावायचे. फिक्या पिस्ता रंगाच्या एका शर्टाच्या खिशावर निळ्या शाईचा मोठा डाग होता. मी खिसा काढून टाकायला निघाले तर म्हणाले, "तो राहू दे." पण खिशाचं तोंड पार विरलेलं होतं. शेवटी खिसा उसवला, आतून जाळीदार फ्युजिंग, म्हणजे आधाराचं चिकट कापड, इस्त्रीने चिकटवलं आणि परत लावायचं ठरवलं. उसवल्यावर दिसलं की खिशाखाली शर्टाचा मूळ रंग जसाच्या तसा होता. गडद, ताजा हिरवा चौकोन, आणि आजूबाजूला वर्षानुवर्षं उन्हात वाळलेला फिकटपणा. बाबा म्हणाले, "असा होता होय हा!" आम्ही दोघंही विसरलो होतो.

नंतर मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंड नावाच्या वस्तीतल्या गोधड्यांचे फोटो शोधून शोधून बघितले. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. काढलेल्या खिशांच्या आणि ठिगळांच्या जागी राहिलेले असेच गडद आकार त्यांत दिसतात. मिझुरी पेटवे यांनी नवरा गेल्यावर १९४२ साली त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली, तिच्यातही विरलेल्या, डागाळलेल्या जागा लपवलेल्या नाहीत. ते बघून मला धीर आला. मी तोवर डाग चुकवून, फिकट भाग टाळून चौकोन कापत होते, म्हणजे बाबांना वजा करत होते! त्या दिवसापासून ठरवलं की ताण पडेल तिथे खोचलेलं भक्कम कापड, आणि जिथे नुसता हात फिरेल तिथे विरलेलं, मागून आधार देऊन.

हे शहाणपण येण्याआधी पिशवीचा घोळ झाला होता. वहिनी जवळच राहते म्हणून नमुन्याची पहिली पिशवी तिला दिली. दोन शर्टांच्या पाठी, आत अस्तर, खांद्याला अडकवता येतील असे बंद. चौथ्या दिवशी तिचा फोन, "जिन्यातच फाटली ग, सगळं सामान पायऱ्यांवर." जाऊन बघितलं तर बंद शाबूत होते आणि त्यांच्या टिपेच्या बरोबर रेषेत पिशवीचं कापड फाटलं होतं, पोस्टाचं तिकीट फाडावं तसं. बंद घट्ट बसावेत म्हणून मी टाका अगदी बारीक ठेवला होता आणि त्याच टिपेवरून तीनदा मशीन चालवलं होतं. म्हणजे जुन्या कापडाला मीच छिद्रांची रांग पाडून दिली होती. जुन्या कापडावर टाका तीन मिलिमीटरच्या आसपास बरा आणि एका टिपेवर दुसरी नको. बंदही नुसते तोंडाशी जोडू नयेत. ते पिशवीच्या बुडापर्यंत नेऊन दोन्ही कडांनी शिवले की वजन एका रेषेवर न येता सगळ्या पिशवीवर येतं. तोंडापाशी आतून जाड ठिगळ लावायचं आणि त्यावर चौकोन मारून मध्ये फुली मारायची.

तर आता बंदांसाठी लांब आणि भक्कम कापड हवं होतं. चौकड्यांचा शर्ट आठवला. रात्रीचे अकरा वाजले होते, बाबा झोपले होते, वहिनीला पिशवी सकाळी द्यायची होती. तेवढा एकच शर्ट मी त्यांना न दाखवता कापला. कापायला किती सोपा! विणलेल्या चौकड्यांमध्ये उभा-आडवा धागा डोळ्यांना दिसतो, पट्टी-खडू काही लागत नाही, रेघेवरून कात्री चालवायची. दोन्ही पुढच्या भागांतून पिशवीचे बंद निघाले. पिशवी हातात घेऊन वहिनी म्हणाली, "ओळखीचं वाटतंय ग कापड." मी म्हटलं, "बाबांचंच आहे, वाटणारच."

सर्वांत सोपं आणि सर्वांत देखणं काम उशीच्या अभ्र्यांचं झालं. शर्ट बटणं लावून सपाट ठेवायचा, पुढचा आणि मागचा भाग एकदमच चौकोनात कापायचा, सुलट्या बाजू आत ठेवून चारी कडांनी शिवायचं, मग बटणं काढून उलटवायचं. चेन नको, काज नको, अभ्र्याचं तोंड आयतं तयार. ४० सेंटिमीटरच्या उशीला मी ४२ चा चौकोन कापला. चारी बाजूंना एकेक सेंटिमीटर शिवणीत गेला आणि अभ्रा उशीवर छान ताठ बसला. फक्त चौकोन आखताना वरचं आणि खालचं बटण शिवणीपासून किमान तीन सेंटिमीटर आत येईल असं बघायला हवं. मी बघितलं नाही. सुई बटणावर आपटली, मोडली आणि तिचं टोक माझ्या चष्म्याच्या काचेवर येऊन आदळलं. चष्मा होता म्हणून. दुसरा अभ्रा कापताना आधी बटणं मोजली. शाईच्या डागाचा खिसा या दुसऱ्या अभ्र्यावर आला. तो ताईसाठी. पहिला दादाचा, रेघांच्या शर्टाचा. नुसता बोडका वाटत होता, म्हणून चौकड्यांच्या शर्टाच्या बाह्यांमधून उरेब, म्हणजे तिरप्या, पट्ट्या कापल्या आणि त्याला चारी बाजूंनी पायपिंग केलं. उरेब कापड कोपऱ्यावर सुरकुतत नाही, वळतं. फार रुबाबदार दिसायला लागला.

बाही ही तर शिवून तयार असलेली नळीच असते. भाच्याच्या पाण्याच्या बाटलीला बाहीचं कव्हर केलं. खालून गोल तळ लावला, वर कफ तसाच ठेवला, बाटलीच्या गळ्याशी कफाचं बटण लागतं. अर्ध्या तासाचं काम. भाचीसाठी रंगीत पेन्सिली ठेवायची गुंडाळी केली, तिला नाडी चौकड्यांची.

आणि मग आईची गोधडी. ती सुरू करताना वाटलं होतं की पंधरा दिवसांत होईल. पुठ्ठ्याचा १२ सेंटिमीटरचा चौकोन करून घेतला. शिवणीत दोन्हीकडचा एकेक सेंटिमीटर जाऊन १० चा चौकोन उरणार. आडवे १० आणि उभे १२ असे १२० चौकोन, म्हणजे मांडीवर घ्यायला पुरेल अशी एक मीटर रुंद, सव्वा मीटरला जरा कमी लांब. बाबांच्या एका पाठीतून वीस चौकोन निघायचे. पहिल्या दोन ओळी शिवल्या, एकमेकींना लावल्या तर एक जवळजवळ दोन सेंटिमीटर आखूड. कापड तेच, पुठ्ठा तोच. अर्धा दिवस डोकं चालेना. मग ओळीतल्या शिवणी मोजल्या, नऊ. एका ओळीत मी शिवण एकाच मिलिमीटरने जास्त आत घेत होते, पण तो मिलिमीटर दोन्ही चौकोनांतून जातो. नऊ दुणे अठरा मिलिमीटर. मशीनच्या पट्टीवर, सुईपासून बरोबर एक सेंटिमीटरवर जाड चिकटपट्टी लावली आणि कापडाची कड तिला टेकवून शिवायला लागले, तेव्हा हिशेब जमला. ओळी जोडताना एका ओळीच्या शिवणी डावीकडे आणि खालच्या ओळीच्या उजवीकडे दाबून इस्त्री करायची. मग कोपऱ्यात त्या एकमेकींना अडतात आणि चार चौकोन बरोबर एका बिंदूत येतात.

मध्ये जुनी चादर, खाली आईची धुऊन धुऊन सायीसारखी झालेली पांढरट साडी. तिन्ही थर जमिनीवर पसरून कच्चे टाके मारले आणि हाताने धावदोरा घालायला घेतला, मधून बाहेर. कडेकडून आत आलात तर मध्ये कापडाचा फुगा जमतो आणि तो कुठेच काढता येत नाही. शर्ट आणि साडी यांतून सुई लोण्यातून जावी तशी जाते, चादर मात्र घट्ट विणीची निघाली. बोटाला धातूची टोपी घालूनही अंगठ्याशेजारचं बोट महिनाभर खरखरीत होतं. कुणी विचारलं तर सांगेन, मध्ये चादर घालायची तर पातळ झालेलीच घ्या. खिशाखालचा तो गडद हिरवा चौकोन मी बरोबर मधोमध बसवला. ताईच्या अभ्र्यावर खिसा परत लावला असता तर तो झाकलाच गेला असता, म्हणून खिसा लावण्याआधी मी तो कापून काढला होता आणि त्याजागी साधं ठिगळ दिलं होतं. विरलेल्या कोपरांचे चौकोनही घेतले, मागून फ्युजिंग लावून. चारी बाजूंची किनार कशाची करायची हा प्रश्नच नव्हता. गोधडी कडेलाच आधी फाटते, तिथे सर्वांत भक्कम कापड हवं. चौकड्यांच्या शर्टाच्या पाठीतून पाच सेंटिमीटरच्या आठ पट्ट्या निघाल्या आणि किनार पुरून बोटभर उरली.

गोधडी जमायच्या आदल्या रात्री दीड वाजता पुरी झाली. शेवटच्या बाजूचे टाके लांब लांब आहेत, कुणाला दिसत नाहीत, मला दिसतात.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आपापलं मिळालं. भाच्याने बाटलीच्या कफाचं बटण दहा वेळा काढलं-घातलं. ताईने खिशावरचा डाग बघितला आणि न विचारता तिथे बोट ठेवलं. गोधडी आईच्या मांडीवर होती आणि बाबा शेजारी बसून तिच्यावर बोट फिरवत सांगत होते. हा बदलीच्या वेळचा, हा रिटायर झालो त्या दिवशीचा, हा हिरवा तो शाईवाला. एकही चुकले नाहीत. मग बोट किनारीवर आलं आणि थांबलं.

"ही चौकडी कुणाची?"

"तुमच्याच शर्टाची, बाबा."

"मी चौकड्या कधी घातल्या?"

आई म्हणाली, "गठ्ठ्यात होता ना." पण आवाजात नेहमीची खात्री नव्हती. तोवर दादाने आपला अभ्रा डोळ्यांपाशी नेला होता आणि पायपिंग अंगठ्याने दाबून बघत होता.

"मागच्या पावसाळ्यात भिजून आलो होतो," तो म्हणाला, "तेव्हा इथे वाळत घातला होता. वर्षभर शोधतोय मी हा शर्ट."

वहिनीने काही न बोलता पिशवी वर धरली.